ॲप बिघडलं तर भांडायचं कुणाशी?

‘उघडा माग’ : मुक्त सॉफ्टवेअरविषयी वाचकांचे प्रश्न, सोलापूरहून उत्तरं

मागच्या अंकात जुन्या कॉम्प्युटरवर विंडोजच्या जागी लिनक्स, म्हणजे खुल्या कोडची कार्यप्रणाली, कसं टाकायचं ते लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत ‘कसं टाकायचं’ असं विचारणारे दोघंच. बाकीच्यांनी टाकून मोकळं होऊन पुढचे प्रश्न विचारलेत, हे वाचून बरं वाटलं आणि थोडी भीतीही वाटली. सहा पत्रं घेतली आहेत. नावं गाळलीत, कारण काहींनी आपल्या संस्थेबद्दल फारच मोकळेपणानं लिहिलंय.

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषद शाळेत सात जुने कॉम्प्युटर आहेत. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 त्यांच्यावर चढत नाही. म्हणून लिनक्स मिंट टाकलं. चालतंय छान. पण लिब्रेऑफिस या वर्ड-एक्सेलसारख्या मुक्त ॲपमध्ये हजेरीचा तक्ता छापला की उजवीकडचा शेवटचा रकाना अर्धा कापला जातो. दुकानदार म्हणतो, ‘हे काय मी बनवलेलं नाही.’ मग अशा वेळी भांडायचं कुणाशी? — शिक्षक, मोहोळ तालुका

सर, आधी रकाना वाचवू, मग भांडू. तुमच्याकडे भाषा-प्रदेश म्हणून बहुतेक अमेरिकेची इंग्रजी लागलेली आहे. त्यामुळे पानाचा आकार अमेरिकेतला ‘लेटर’ धरला गेला. तो 216 मिलिमीटर रुंद असतो आणि आपला ए-4 कागद 210. तुमचा रकाना त्या सहा मिलिमीटरांत अडकलाय. ‘फॉरमॅट’मध्ये ‘पेज स्टाइल’ उघडा, कागद ए-4 करा. तरी बसला नाही तर तिथेच ‘शीट’च्या पानावर तक्ता पानाच्या रुंदीत बसवायची सोय आहे.

आता भांडणाचं. चादरीचा रंग गेला तर गिऱ्हाईक दुकानदाराला धरतं. दुकानदार कारखानदाराला, कारखानदार रंगणीवाल्याला, आणि रंगणीवाला सुताला शिव्या देतो. तुमच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरचं तसंच आहे, फरक इतकाच की इथे प्रत्येकाचा पत्ता उघडा आहे. अगदी तळाशी लिनक्सचा गाभा, लिनस टोरवाल्ड्सनं 1991 साली हेलसिंकीत विद्यार्थी असताना सुरू केलेला. त्यावर हजारो ॲपं गोळा करून, एकमेकांशी जुळवून ठेवणारं डेबियन, 1993 पासूनचं, स्वयंसेवकांचं. डेबियनवरून 2004 साली उबुंटू निघालं, उबुंटूवरून 2006 साली मिंट. लिब्रेऑफिस या सगळ्यांपासून वेगळं घर, त्याची संस्था जर्मनीत. एका तक्त्यामागे एवढी बिऱ्हाडं.

तर चूक कुणाची हे शोधायची माझी साधी रीत सांगते. तीच फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघायची. मग त्याच कॉम्प्युटरवर नवं खातं काढून त्यात बघायची. नव्या खात्यात नीट चालली तर घोटाळा आपल्याच जुन्या सेटिंगमध्ये. सगळीकडे तसंच होत असेल तर ॲपच्या ‘हेल्प’मध्ये जाऊन आवृत्तीचा आकडा लिहून घ्यायचा आणि ॲपवाल्यांच्या तक्रारवहीत आधी शोधायचं. पुष्कळदा कळतं की दुरुस्ती कधीच झालीय, आपल्या गावात पोचायची राहिलीय. मिंट ज्या उबुंटूवर उभं आहे ती दोन वर्षांतून एकदा येणारी, लांब पल्ल्याची आवृत्ती. त्यातली ॲपं मुद्दाम जुनी, जमलेली ठेवतात. शाळेला तेच बरं, पण मग नवी दुरुस्ती उशिरा मिळते.

आणि कायद्यानं भांडायचं म्हणाल तर जमणार नाही. या सॉफ्टवेअरच्या परवान्यात ‘कसलीही हमी नाही’ हे मोठ्या अक्षरांत छापलेलंच असतं. दुकानदाराचं तेवढं बरोबर आहे. पण टाकायचे पैसे घेतलेत ना त्यानं? मग कागदाचा आकार बघणं त्याचं काम होतं.

प्रश्न : बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. लिनक्स डेस्कटॉपसाठी ॲप बनवायचंय. जीटीके शिकू, क्यूटी शिकू, की इलेक्ट्रॉन? मित्र म्हणतात डेस्कटॉपचं कोण वापरतं बे, मोबाइलचं कर. शिवाय आयडिया अजून सुचलेली नाही. — विद्यार्थी, सोलापूर

तुला ‘तू’च म्हणते, माझ्या धाकट्याच्या वयाचा आहेस. आयडिया सुचलेली नाही आणि टूलकिटवरून, म्हणजे ॲपच्या खिडक्या-बटणं बांधायच्या तयार सामानावरून, वाद चाललाय, म्हणजे बाजारात तुरी. मी कशी शिकले ते सांगते, त्यात तुझ्या निम्म्या प्रश्नाचं उत्तर आहे.

वडिलांचे अशोक चौकाच्या पलीकडे आठ माग होते. चादरीच्या ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, किती सूत लागेल हा हिशेब ते तोंडी करायचे. सुताचा नंबर म्हणजे एका पौंडात 840 यार्डांच्या किती लडी बसतात तो आकडा. इंग्रज गेले, यार्ड-पौंड सुतात राहिले. 10 नंबरचं सूत म्हणजे पौंडाला 8,400 यार्ड. ताण्यात 2,000 धागे, लांबी 210 यार्ड, तर एकूण 4,20,000 यार्ड. त्याला 8,400 नं भागलं की पन्नास पौंड, म्हणजे साडेबावीस किलोच्या जरा वर. वडील गेल्यावर भाऊ हे कॅल्क्युलेटरवर करायला लागला आणि आठवड्यातून एकदा चुकायला लागला. मी तेव्हा कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवत होते. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि जीटीके घेऊन एक खिडकी बनवली. तीन चौकटी, एक बटण. कोडच्या दीडशे-पावणेदोनशे ओळी. भावाच्या ऑफिसात चालू केलं आणि मोठ्या तोऱ्यात कोड सगळ्यांसाठी खुला ठेवून दिला.

आठ महिने चिटपाखरू फिरकलं नाही. मग इचलकरंजीहून एका पोराची ईमेल आली : ‘मॅडम, तुमचं ॲप मला पाच हजार पौंड सूत घ्यायला सांगतंय. मालक मला हाकलून देतील.’

मला वाटलं, यानंच काहीतरी चुकीचं भरलंय. त्यानं वहीच्या पानाचा फोटो पाठवला. तिथे सुताचा नंबर लिहिला होता 2/20. मागावरच्या कुणालाही विचार, 2/20 म्हणजे वीस नंबरचे दोन धागे एकत्र पिळलेले, म्हणजे हिशेबाला 10 नंबर. माझ्या पायथननं त्याचा सरळ भागाकार केला, दोन भागिले वीस, शून्य दशांश एक. पन्नास पौंडांचे पाच हजार झाले ते असे. मी मागावाल्याची लेक, दुहेरी सूत हाताळत मोठी झालेली, आणि मलाच ते सुचलं नव्हतं, कारण भाऊ नेहमी आधीच ‘10’ लिहायचा.

पुढची गंमत अशी की चूक दाखवणाऱ्याला कोड येत नव्हता आणि दुरुस्त करणाऱ्याला सूत ठाऊक नव्हतं. तक्रार मी उघड्यावर नोंदवून ठेवली होती, त्या फोटोसकट. पंधरा दिवसांनी परदेशातल्या एका विद्यार्थ्यानं अकरा ओळींची दुरुस्ती पाठवली. वर एक खडसावणीही होती. चौकटीत माणूस जे लिहील ते मी पायथनला जसंच्या तसं चालवायला देत होते. कुणी आकड्याऐवजी फाइली पुसायची आज्ञा लिहिली असती तर तीही चालली असती. क्लासमध्ये मी मुलांना हे करू नका म्हणून शिकवायचे, ते मीच केलेलं. त्या मुलानं जन्मात माग पाहिला नसेल. त्यानं विचारलं, दोन धागे पिळल्यावर नंबर वाढण्याऐवजी अर्धा का होतो? मी समजावलं, की जाड झाला म्हणून पौंडात कमी यार्ड बसतात. इचलकरंजीचा पोरगा मध्येच म्हणाला, पिळल्यावर लांबी थोडी आखडते, तेही धरा. तिघांचं हे बोलणं अजून तिथे तसंच आहे.

म्हणून आयडिया शोधत बसू नकोस. रोज तुझ्या डोळ्यांसमोर बसून वापरेल आणि चुकलं की ओरडेल असा एक माणूस शोध. घरात किराणा दुकान असेल, मामाचा टेम्पो असेल, काहीही. मित्रांना सांग, कारखान्याच्या ऑफिसात हिशेब अजून टेबलावरच होतो.

आता टूलकिट. जीटीके जन्माला आलं ते गिम्प या चित्रांच्या ॲपसाठी. नावातला ‘जी’ त्या गिम्पचाच. क्यूटी नॉर्वेच्या ट्रोलटेक कंपनीचं. 1996 साली माथियास एट्रिच या जर्मन विद्यार्थ्यानं केडीई हा लिनक्सचा डेस्कटॉप, म्हणजे स्क्रीनवरचा मेन्यू-खिडक्यांचा सगळा मांडव, सुरू केला तेव्हा क्यूटी घेतलं. पण त्या वेळी त्याचा परवाना पुरता मुक्त नव्हता. त्यावरून जुंपली आणि 1997 साली मेक्सिकोच्या मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना यांनी जीटीके धरून ग्नोम हा दुसरा डेस्कटॉप उभा केला. परवान्याचं भांडण पुढे मिटलं, पण घरं दोन झाली ती झालीच. तर तू टूलकिट निवडतोस तेव्हा शेजारही निवडतोस. तुझ्या चुका कोण वाचणार, बटण कुठे असावं यावर कोण हुज्जत घालणार, हे त्यावर ठरतं. तुझा वापरणारा मिंटवर असेल तर जीटीके त्याच्या घरातलंच आहे. सी प्लस प्लस आवडत असेल तर क्यूटी घे, मजा येईल.

इलेक्ट्रॉननं काम लवकर होतं, नाकारत नाही. पण प्रत्येक ॲपबरोबर अख्खा क्रोमियम ब्राउझर येतो. वर ज्या सरांचं पत्र आहे त्यांच्या शाळेतल्या मशीनवर अशी दोन ॲपं उघडून बघ आणि मग चहा पिऊन ये.

ॲप लोकांपर्यंत पोचवायला पूर्वी डेबियनच्या घराण्यासाठी एक पुडकं, फेडोरा या वेगळ्या लिनक्सच्या घराण्यासाठी दुसरं, असं बांधावं लागायचं. आता फ्लॅटपॅकनं एकदाच बांधता येतं आणि फ्लॅटहब या ॲपांच्या दुकानात ठेवता येतं. तिथे ॲप तुझंच असल्याची पडताळणी करून घेतलीस तर मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये ते थेट दिसतं. फक्त ठेवायच्या आधी माणसं तपासतात, त्यामुळे वर्णन, चित्रं, चिन्ह, परवाना सगळं नीट तयार ठेव. मी पहिल्यांदा परवान्याची फाइलच जोडली नव्हती. परवाना नसेल तर कोड दिसतो खरा, पण कुणाला तो घेऊन पुढे काही करायचा हक्क मिळत नाही.

प्रश्न : तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालो. नातवानं कॉम्प्युटरवर मराठी मेन्यू लावून दिला. त्यातलं मराठी वाचून जीव कासावीस होतो. मला कोड येत नाही. तरी काही करता येईल का? — निवृत्त शिक्षक, अक्कलकोट

गुरुजी, तुमचीच वाट बघत होतो आम्ही. मेन्यूतली वाक्यं कोडमध्ये मिसळलेली नसतात. ती वेगळ्या फाइलीत असतात. एका ओळीत मूळ इंग्रजी, तिच्याखाली आपली भाषा. लिब्रेऑफिसचं भाषांतर तर वेबलेट नावाच्या साधनावर ब्राउझरमध्येच होतं, काही बसवावं लागत नाही. ग्नोम आणि केडीई यांची दारं वेगळी, पण रीत हीच.

जीव कासावीस का होतो ते सांगते, म्हणजे आधीच्या लोकांवरचा राग थोडा कमी होईल. भाषांतर करणाऱ्याला समोर नुसतं ‘ओपन’ दिसतं. ते बटणावर आहे की दाराच्या चित्राखाली, कळत नाही. ‘उघडा’ ही आज्ञा लिहायची, की ‘उघडं आहे’ ही अवस्था? इंग्रजीला फरक नाही, आपल्याला आहे. मग लिंग. इंग्रजीत ‘अमुक डिलीटेड’ हे एकदा लिहिलं की झालं. ‘अमुक’च्या जागी काय येणार हे मशीन ऐन वेळी ठरवतं. फाइल हटवली, फोल्डर हटवला, चित्र हटवलं, आणि वाक्य तर एकच. मी ‘हटवण्याचं काम झालं’ असं लिहून सुटका करून घेते. सुंदर नाही, पण चूकही नाही. वचनाची सोय आहे, एकाला वेगळं वाक्य आणि अनेकांना वेगळं देता येतं. ‘1 फाइल हटवली’, ‘5 फाइली हटवल्या’. मधेच टक्क्याचं चिन्ह आणि त्याला चिकटलेलं एक इंग्रजी अक्षर दिसेल, तिथे आकडा किंवा नाव येऊन बसतं. ते वाक्यात हवं तिथे हलवा, पण पुसू नका.

शब्दांबद्दल आपलं भांडण होणार, आत्ताच सांगून ठेवते. मी ‘संचिका’वाली नाही. अक्कलकोटच्या तहसिलात कुणी संचिका म्हणत नाही, फाइलच म्हणतात. ‘जतन करा’ मला चालतं, रुळलंय. ‘मुद्रण’ जड वाटतं म्हणून एकदा प्रिंटच्या बटणावर ‘छापा’ लिहिलं. भाऊ म्हणाला, ‘ताई, हे बटण दाबलं तर कुणावर पडणार?’ शेवटी ‘प्रिंट करा’ केलं.

आणि एक. माझ्या सुताच्या ॲपचं तेलुगू करायला घेतलं, कारण सोलापूरच्या पूर्व भागातले पुष्कळ कारखानदार घरी तेलुगू बोलतात. ताणा आणि बाणा यांना काय लिहावं म्हणून मी शब्दकोश चाळत बसले होते. चहा प्यायला आलेल्या एका आजोबांनी वर न बघता सांगितलं, ‘पडुगू, पेक.’ कोड न येणाऱ्या माणसाचं काम म्हणतात ते हे.

प्रश्न : डीटीपीची कामं करते. जुन्या फाइली मिंटवर उघडल्या की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. नव्या फाइलींत मराठी दिसतं, पण ‘दऱ्या’ शोधलं तर काही ठिकाणचे सापडतात, काही नाही. — पंढरपूर

ताई, पहिला घोटाळा जुन्या फॉन्टचा. त्या काळच्या फॉन्टांत आत इंग्रजीच अक्षरं असायची, फॉन्ट नुसता मराठी मुखवटा चढवायचा. मुखवटा गेला की खालचा चेहरा दिसतो. त्या फॉन्टसाठीचाच परिवर्तक शोधून फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक भाषेच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, आणावी लागेल. एका फॉन्टचा परिवर्तक दुसऱ्याला चालत नाही. नंतर प्रूफ वाचाच, आणि पहिली वेलांटी व रफार डोळ्यांत तेल घालून बघा. जुन्या पद्धतीत वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. मोडतोड होते ती याच ठिकाणी.

दुसरा घोटाळा जास्त चोरटा आहे. ‘दऱ्या’मधला तो आडवा र दोन प्रकारे लिहिता येतो. एक, खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याला हलन्त. दुसरा, साधा र, हलन्त आणि न दिसणारं एक जोडचिन्ह. छापल्यावर दोन्ही सारखे, पण शोधणाऱ्या यंत्राला दोन वेगळे शब्द. शोधा-बदलामध्ये एक प्रकार दुसऱ्यात बदलून टाका आणि ऑफिसात एकच कीबोर्ड ठरवा. ‘ॲप’ या शब्दाचंही हेच. ॲ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये 2008 साली आलं. त्याआधी लोक अ वर चंद्र ठेवून भागवायचे, काही अजून भागवतात. या सदराचे जुने अंक शोधताना मला स्वतःचेच लेख सापडत नाहीत ते त्यामुळे.

प्रश्न : नव्या पेठेत दुरुस्तीचं दुकान आहे. मिंट टाकून द्यायचे 400 रुपये घेतो. एक गिऱ्हाईक म्हणालं, फुकटची वस्तू विकणं गुन्हा आहे. खरं का?

खोटं. मुक्त सॉफ्टवेअरचा जो जीपीएल नावाचा परवाना आहे, त्यात पैसे घ्यायला मनाई नाही. तो परवाना लिहिणारे रिचर्ड स्टॉलमन स्वतः 1985 च्या सुमारास आपल्या ईमॅक्स या मजकूर लिहायच्या ॲपची टेप 150 डॉलरला विकायचे. अट एवढीच की घेणाऱ्याचे हक्क तुम्ही काढून घ्यायचे नाहीत. त्याला कॉपी करू द्यायची, मूळ कोड मिळू द्यायचा, लिहिणाऱ्यांची नावं खोडायची नाहीत. पावतीवर ‘मजुरी’ लिहा. आणि कागदाचा आकार ए-4 करून द्या.

प्रश्न : टिपणं ठेवायचं एक छोटं ॲप पाच वर्षं वापरतोय. दोन वर्षांत एकही अपडेट नाही. बनवणाऱ्याला तीन वेळा लिहिलं. शेवटी उत्तर आलं, ‘मला वेळ नाही, कोड खुला आहे, तुम्हीच करा.’ हा उद्धटपणा नाही का? तुम्ही लोक ज्याला कम्युनिटी म्हणता ती हीच का? — बँक कर्मचारी, बार्शी

उत्तर तुसडं आहे, मान्य. मी तसं लिहिलं नसतं. म्हणजे, आता लिहीत नाही. एकदा लिहिलंय. भावाचा ताणा तुटलेला, नळाला पाणी यायचा दिवस, आणि वर एकाची चौथी ईमेल.

पण तगाद्याचं पुढे काय होऊ शकतं ते सांगते. एक्सझेड नावाचं फाइली आवळून लहान करायचं साधन आहे, जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असतं. ते वर्षानुवर्षं मुख्यतः एकच माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. 2022 साली त्याला पत्रांवर पत्रं आली. काम हळू चाललंय, दुसऱ्या कुणाकडे दे. आपली तब्येत, मन ठीक नाही असं त्यानं सांगूनही ती थांबली नाहीत. जिया टॅन या नावानं कुणीतरी आधीपासून गोडीगुलाबीनं मदत करत होतं, हळूहळू चाव्या त्याच्या हातात गेल्या. 2024 च्या सुरुवातीला त्यानंच एक चोरदरवाजा आत घातला. मार्चअखेर तो पकडला आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनियरनं, आणि तोही लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय या किरकिरीपायी. कोड खुला होता म्हणून त्याला मुळापर्यंत जाता आलं. आणि कामाला माणूस एकटा होता म्हणून चोराला आत येता आलं. दोन्ही खरं आहे.

‘तुम्हीच करा’ हे दर वेळी टोलवाटोलवीच असतं असंही नाही. 2010 साली ओपनऑफिसच्या बऱ्याच लोकांना मालक कंपनीचं धोरण पटेना, तेव्हा ते कोड घेऊन बाहेर पडले, त्याचं लिब्रेऑफिस झालं. ग्नोमनं तिसऱ्या आवृत्तीत घराची रचनाच बदलली तेव्हा अर्जेंटिनातल्या एकानं जुनं ग्नोम उचलून माते नावानं चालू ठेवलं. माते हा तिकडचा चहा. अजून चालू आहे. याच्या उलट बीओएस ही विंडोजसारखी कार्यप्रणाली बघा. नव्वदच्या दशकात ज्यांनी वापरली ते आजही तिचं नाव काढून हळहळतात. कंपनी बुडाली, 2001 साली पामनं विकत घेतली आणि कोड कुलपात गेला. चाहत्यांनी त्याच वर्षी ती पहिल्यापासून लिहायला घेतली. आज तिचं नाव हायकू. पहिली बीटा आवृत्ती 2018 साली आली. सतरा वर्षं! कोड हाती असता तर दुसऱ्या दिवशी सकाळी काम सुरू झालं असतं.

आता तुमचं. आधी ॲप बंद पडलंय का ते बघा. टिपणांचं ॲप पूर्ण झालं असेल तर त्याला अपडेट कशाला हवं? पाटा-वरवंट्याला कुठे असतं? मात्र ते इंटरनेटला जोडत असेल तर दोन वर्षं फार झाली. तसं असेल तर टिपणं साध्या मजकुराच्या फाइलीत बाहेर काढून ठेवा, आज रात्रीच. मग त्या कोडच्या किती प्रती इतरांनी घेतल्यात आणि त्यांपैकी कोणती अलीकडे हललीय ते पाहा. पुष्कळदा ॲप मेलेलं नसतं, दुसऱ्याच्या घरी राहत असतं. आणि चौथं पत्र लिहायचंच असेल तर ‘अपडेट कधी?’ असं लिहू नका. आवृत्ती कोणती, काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, एवढ्या चार ओळी लिहा. इचलकरंजीच्या पोरानं तेवढंच केलं होतं, आणि एक फोटो.

माझ्या ॲपची शेवटची आवृत्ती निघून चौदा महिने झालेत, तेव्हा मला फार बोलायचा हक्क नाही. चाव्या आता त्या पोराकडेही आहेत. तो पायथन शिकला. त्यानं ताण्याच्या वजनात पाजणीचं, म्हणजे सुताला लावलेल्या खळीचं, वजन धरायची सोय लिहून ठेवलीय आणि ती माझ्यामुळे अडलीय, कारण नवी चौकट तिन्ही भाषांत आल्याशिवाय आवृत्ती काढायची नाही हा नियम मीच केलेला. मराठी झालं, इंग्रजी होतंच. तेलुगूच्या जागी सध्या ‘सायझिंग’ लिहून ठेवलंय. चहाला यायचे ते आजोबा आता नाहीत. पूर्व भागात कुणाच्या घरी पाजणीसाठी वेगळा शब्द असेल तर तेवढा एका ओळीत लिहून पाठवा, पत्रात दुसरं काही नसलं तरी चालेल.